सोपं पान आधी वाजवून बघ

पत्र:

ताई, मी सतरा वर्षांची, अकरावीत आहे. पुण्यात राहते. नऊ वर्षं पियानो शिकतेय, गेल्या वर्षी पियानोच्या परीक्षेची आठवी ग्रेड झाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत एक स्पर्धा आहे. रोमँटिक काळातला, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकातला, एकच पीस, आठ मिनिटांच्या आत, नोट्स न बघता वाजवायचा. पीसचं नाव पंधरा दिवसांत कळवायचंय आणि घरात रोज वाद चालू आहे. मला शोपाँचं पहिलं बॅलड वाजवायचंय, दोन वर्षं तेच डोक्यात आहे. बाबा म्हणतात, शोपाँचंच फँटसी-इम्प्रॉम्प्टू घे, सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं, टाळ्या पडतात. मॅडमनी शूबर्टचं जी फ्लॅट मेजरमधलं इम्प्रॉम्प्टू सुचवलंय. ते गोड आहे, पण त्यात करून दाखवण्यासारखं काहीच नाही असं मला वाटतं. परीक्षकांना कळणार कसं की मला वाजवता येतं? माझा हात लहान आहे, ऑक्टेव्ह (सा ते वरचा सा) जेमतेम पोचतो. घरी डिजिटल पियानो आहे, तिथे ग्रँड असेल. काय करू?
— गोंधळलेली, पुणे

उत्तर:

गोंधळलेली मुली,

बॅलडचा निकाल मी लावायची गरजच नाही, तो घड्याळाने लावलाय. शोपाँचं पहिलं बॅलड, ओपस (म्हणजे रचना क्रमांक) 23, बहुतेक वादक नऊ ते साडेनऊ मिनिटांत वाजवतात. आठ मिनिटांत ते बसवायचं तर एकतर पळावं लागेल, नाहीतर मधला भाग गाळावा लागेल. गाळण्याचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. ही एक गोष्ट आहे आणि ती 264 बार्समध्ये, म्हणजे मात्रांच्या कप्प्यांत, सांगितलेली आहे. 208व्या बारपासून जो कोडा, म्हणजे शेवटचा भाग, सुटतो, त्याला जोर येतो तो मागच्या 207 बार्समुळे. वेळेची अट नसती तरी यंदा मी तुला नकोच म्हटलं असतं. मधल्या भागात दुसरी सुरावट पूर्ण आवाजात, भरगच्च कॉर्ड्समध्ये (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांत) परत येते आणि शेवटी दोन्ही हातांना ऑक्टेव्ह आहेत. ज्या हाताला ऑक्टेव्ह जेमतेम पोचतो तो हात तिथे ताणूनच वाजवतो, आणि साडेचार महिने रोज ताणून वाजवलं की मनगट दुखायला लागतं. अकरावीत मनगट दुखावून घेऊ नकोस.

पण बॅलड सोडूही नकोस. पहिली दोन पानं स्वतःसाठी शिक, रात्री अभ्यास झाला की वाजव. स्पर्धेचा आणि त्याचा संबंध ठेवू नकोस. संगीतकार शूमानने एकदा शोपाँला सांगितलं की तुझ्या सगळ्या रचनांत मला हे बॅलड सर्वांत आवडतं. शोपाँ बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की त्यालाही तेच सर्वांत प्रिय आहे. म्हणजे तुझी आवड काही ऐरीगैरी नाही.

आता मुद्द्याचं बोलते. आपण सगळेच स्पर्धेचा पीस निवडतो तो त्यातल्या सर्वांत अवघड पानाकडे बघून. ते पान जमेल का, किती वेगात जमेल, ऐकणारा थक्क होईल का. परीक्षक मात्र आपल्याला ओळखतात ते सर्वांत सोप्या पानावरून. हे मी शिकले ते माझं हसं झाल्यावर. तुझ्याच वयाची असताना मी एका स्पर्धेत लिस्टचं 'लीबेस्ट्राउम'मधलं तिसरं, ए फ्लॅट मेजरमधलं, घेतलं होतं. त्यात दोन कॅडेन्झा, म्हणजे कसब दाखवायच्या मोकळ्या जागा, आहेत, दोन्ही हात वरपासून खालपर्यंत झरझर येतात. तीन महिने मी त्या दोन कॅडेन्झाच घासल्या. त्या दिवशी दोन्ही स्वच्छ गेल्या. खाली उतरले तेव्हा मला वाटत होतं की बक्षीस आपलंच. नंतर शेऱ्यांचा कागद हातात आला. त्यात कॅडेन्झाबद्दल एक ओळ होती आणि पहिल्या पानाबद्दल पाच, आणि त्या पाचांचा मतितार्थ एवढाच की गाणं ऐकूच आलं नाही.

आणि ते खरंच गाणं आहे. लिस्टने आधी फ्रायलिग्राटच्या कवितेला चाल लावली होती, पियानोवर ती नंतर आणली, 1850 मध्ये ती छापली गेली. पहिल्या पानावर ती चाल मधल्या सुरांत आहे, आलटून पालटून दोन्ही हातांच्या अंगठ्यांकडे येते. डाव्या अंगठ्याने सूर धरायचा, उजव्याने तो असा उचलायचा की हात बदलला हे कानाला कळू नये. वाचायला सोपं, बोटांना सोपं, म्हणून मी तिथे सराव केलाच नव्हता. अंगठा हा आपल्या हातातला सर्वांत आडदांड गडी. प्रत्येक वेळी चाल त्याच्याकडे आली की धप्प आवाज येत होता. मला तो ऐकू येत नव्हता, परीक्षकांना येत होता.

हीच कसोटी बाबांच्या फँटसी-इम्प्रॉम्प्टूला लाव. बाबांचं एक म्हणणं बरोबर आहे, सभागृह ते ओळखतं. परीक्षकही ओळखतात, आणि तीच अडचण आहे. त्यांनी ते इतक्या वेळा ऐकलेलं असतं की तुझ्या वाजवण्याची तुलना त्यांच्या डोक्यातल्या पन्नास वादनांशी होते. सुरुवातीला उजव्या हाताचे चार सूर आणि डाव्याचे तीन एकमेकांवर बसवायचे असतात. सगळ्यांचा घाम तिथेच गळतो. खरं सांगू? ते साध्य होतं. हात वेगवेगळे पाठ करायचे, मग सावकाश जोडायचे, आणि एके दिवशी ते आपोआप चालायला लागतं, सायकलसारखं. पोरं पडतात ती मधल्या डी फ्लॅट मेजरच्या भागात. तिथे वेग नाही, गर्दी नाही, एक सुरावट आहे आणि ती पुन्हा पुन्हा येते. पहिल्यांदा गोड वाटते, तिसऱ्यांदा ऐकणारा घड्याळाकडे बघतो. तीच ओळ दर वेळी नव्या कारणाने कशी म्हणायची हे ज्याला कळलंय त्यानेच हा पीस घ्यावा.

तो भाग वाजवताना मुलं 'भाव' आणायला म्हणून दोन्ही हातांची लय एकदम ढिली करतात. शोपाँ तसं करत नव्हता. त्याच्या शिष्यांनी लिहून ठेवलंय की डावा हात लय सांभाळायचा आणि उजवा तिच्यावर मोकळा फिरायचा. हे आपल्याला परदेशी नाही. एखादं जुनं भावगीत लाव. तबला आपल्या ठेक्यावर असतो, गायिका शब्द किंचित मागे ठेवते, मग पुढे सरकून समेवर येते. तबलजीही तिच्याबरोबर डुलायला लागला तर गाण्याचा चिखल होईल. पियानोवर तबलजी आणि गायिका दोघीही तूच. शोपाँ शिष्यांना ऑपेरातले गायक ऐकायला सांगायचा तो यासाठीच.

(बाबांना सांगायला एक गंमत: हा पीस शोपाँने साधारण 1834 मध्ये लिहिला आणि स्वतः कधीच छापला नाही. तो 1849 मध्ये गेला, आणि त्याच्या मित्राने, फोंटानाने, 1855 मध्ये तो बाहेर आणला. म्हणजे ज्याची एवढी ख्याती झाली तो पीस लिहिणाऱ्याने पेटीतच ठेवला होता.)

टाळ्यांचं म्हणशील तर टाळ्या आणि निकाल यांचं फारसं सख्य नसतं. वॉर्सामध्ये 1927 पासून फक्त शोपाँची स्पर्धा होते, साधारण दर पाच वर्षांनी. 1980 मध्ये तिथे इवो पोगोरेलिच या तरुण पियानोवादकाला अंतिम फेरीआधी बाद केलं, तेव्हा परीक्षक मंडळातली मार्था आर्गेरिच उठून निघून गेली. ती 1965 ची विजेती, आणि उरलेलेही काही कच्चे कान नव्हते. त्यांचंच एकमत झालं नाही, तर परीक्षकांना काय आवडेल याचा अंदाज तू आणि बाबा चहा पिताना कसा बांधणार?

आता मॅडमचा शूबर्ट. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण 'करून दाखवण्यासारखं काहीच नाही' या तुझ्या वाक्याला मला उत्तर द्यायचंय.

ओपस 90 मधलं हे तिसरं इम्प्रॉम्प्टू. शूबर्टने ते 1827 मध्ये लिहिलं, पुढच्याच वर्षी तो एकतिसाव्या वर्षी गेला. प्रकाशकाने चारांतली पहिली दोन तेवढी लगेच छापली. हे तिसरं छापलं गेलं 1857 मध्ये, आणि तेही जी फ्लॅटमधून उचलून जी मेजरमध्ये बसवून. सहा फ्लॅट, म्हणजे कोमल सुरांच्या सहा खुणा, बघून गिऱ्हाईक पळेल अशी बहुधा भीती. जुनी, घरोघर फिरलेली प्रत हातात आली तर कोणत्या स्केलमध्ये आहे ते आधी बघ. मूळ स्केलच घे. काळ्या पट्ट्या जास्त म्हणजे अवघड हा वाचताना होणारा भास आहे. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर अशी हाताची ठेवण असली की हात आरामात बसतो. शोपाँसुद्धा नवख्या शिष्यांना सी मेजरऐवजी काळ्या पट्ट्या भरपूर असलेल्या स्केलपासून सुरू करायचा.

आता उजवा हात पट्ट्यांवर ठेव. चाल आहे करंगळीकडे, कधी तिच्या शेजारच्या बोटाकडे, म्हणजे हातातल्या सर्वांत दुबळ्या पोरांकडे. त्याच हाताची उरलेली बोटं, आडदांड अंगठ्यासकट, खाली अखंड तुटक कॉर्ड्स वाजवतात. करंगळीने गायचं आणि अंगठ्याने कुजबुजायचं, एकाच वेळी, एकाच हातात, सलग सहा मिनिटं. ते खालचं वाजणं तानपुऱ्यासारखं हवं, फरक इतकाच की हा तानपुरा दर काही क्षणांनी सूर बदलतो. तानपुरा गाण्यापेक्षा मोठा झाला की संपलं.

सुरुवातीलाच तोच तो बी फ्लॅट पुन्हा पुन्हा येतो. वाजवून बघ. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो. पुढचा बी फ्लॅट तू सवयीने पहिल्याइतकाच जोरात वाजवलास तर ओळ तुटते, दारावर थाप मारल्यासारखं होतं. पहिला सूर विरत विरत जिथे पोचला असेल तिथून दुसरा उचलायचा. त्यासाठी तो विरताना ऐकावा लागतो. नऊ वर्षं शिकलेल्या किती मुलांना सूर वाजल्यानंतर काय होतं ते ऐकायची सवय असते? फार थोड्यांना. परीक्षकाला चार बार्समध्ये हे कळतं. तुला करून दाखवायचं होतं ना, ते हेच. आणि पुढे मधल्या भागात तो मायनरमध्ये शिरतो, डावा हात खालून गुरगुरायला लागतो, खोल सुरांत ट्रिल (शेजारचे दोन सूर झरझर आलटून पालटून) येतात. तिथे घाबरवायलाही भरपूर वाव आहे. तुझ्या हाताला एक सोयही आहे, उजव्या हाताला सहसा ऑक्टेव्हच्या आतबाहेर फार धावावं लागत नाही.

धोका आहे तो तुझ्या घरच्या वाद्याचा. डिजिटल पियानोवर तू बरंच हळू दाबलंस तरी तो बहुतेक वेळा काहीतरी बोलतोच, आणि प्रत्येक सूर गुळगुळीत येतो. खऱ्या पियानोवर पट्टी एका मर्यादेपेक्षा हळू गेली की हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. सूर गायब. मोठ्या पीसमध्ये एखादा सूर गेला तर गर्दीत खपतो, या पीसमध्ये दात पडल्यासारखं दिसतं. पेडलचंही तेच. ग्रँडच्या खालच्या तारा इतका वेळ घुमत राहतात की घरी स्वच्छ वाटणारं पेडल तिथे गढूळ होतं, आणि ते पूर्ण न सोडता थोडंसंच उचलायची सवय पायाला लावावी लागते. शूबर्ट घेतलास तर आठवड्यातून एकदा तरी खऱ्या पियानोवर तास दीड तास मिळायलाच हवा. मॅडमकडे असेल, एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये असेल, ओळखीत कुणाकडे अपराइट, म्हणजे उभा पियानो, धूळ खात असेल. पावसाळ्यात त्याच्या पट्ट्या फुगून जड झालेल्या असतील, चालेल. जड पट्टीची सवय झालेली बरीच. हे अजिबात जमणार नसेल तर शूबर्टचा आग्रह मीही धरणार नाही.

मग चौथं नाव माझ्याकडून: मेंडेलसोनचं 'रॉंडो काप्रिच्चिओसो', ओपस 14. साडेसहा-सात मिनिटं. आधी ई मेजरमध्ये संथ, गाता भाग, मग ई मायनरमध्ये परीकथेतल्यासारखी पळापळ. गंमत म्हणजे पळापळ आधी, 1828 मध्ये, लिहिली होती. संथ भाग त्याने 1830 मध्ये डेल्फीन फॉन शाउरोट या तरुण पियानोवादिकेसाठी पुढे जोडला. बोटं हलकी आणि चपळ असतील तर लहान हाताला हा पीस मानवतो, आणि डिजिटलवर तयारी करून त्यातल्या त्यात कमी फसगत होते. फक्त शेवटच्या पानावरचे ऑक्टेव्ह नीट तपास. ते जोरात आहेत आणि तोवर हात थकलेला असतो. ब्राम्सचं ए मेजर इंटरमेझो, ओपस 118 मधलं दुसरं, कुणीतरी सुचवेलच. सुंदर आहे. पण सतराव्या वर्षी ते जो तो उसासे टाकत, इतकं संथ वाजवतो की मला खिडकी उघडाविशी वाटते. यंदा नको.

आता दहा दिवसांचं काम. शूबर्ट, फँटसी-इम्प्रॉम्प्टू आणि मेंडेलसोन, तिन्हींचं सर्वांत सोपं वाटणारं एकेक पान घे. तीन दिवस एक, तीन दिवस दुसरं, तीन दिवस तिसरं. दहाव्या दिवशी तिन्ही पानं मोबाइलवर रेकॉर्ड कर, शक्यतो खऱ्या पियानोवर. लगेच ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक. ज्या पानाला तू मध्येच थांबवत नाहीस, ते तुझं. अवघड पानांचं नंतर बघू. ती मॅडम करून घेतील, त्यासाठीच तर त्या आहेत. माझा कल शूबर्टकडे आहे हे तुला कळलंच असेल, पण पान मेंडेलसोनचं जिंकलं तर मेंडेलसोन. रेकॉर्डिंग मॅडमना ऐकव आणि शेवटचा शब्द त्यांचा राहू दे. नऊ वर्षं तुझा हात त्या बघतायत, मी फक्त तुझं पत्र पाहिलंय.

वेळापत्रक साधारण असं ठेव: गणपतीपर्यंत सगळे सूर हाताखाली, दसऱ्यापर्यंत पाठ. पाठ म्हणजे नुसतं बोटांना पाठ नाही. पीसमध्ये आठ-दहा ठिकाणं ठरव, त्यांना नंबर दे, आणि भावाबहिणीला कुठलाही नंबर पुकारायला सांग. तिथून तत्काळ सुरू करता आलं पाहिजे. बोटांची आठवण ही साखळीसारखी असते, एक कडी निसटली की पार सुरुवातीला जावं लागतं, आणि स्पर्धेत सुरुवातीला परत जाणं फार लाजिरवाणं दिसतं. मी गेलेय, सांगते. दिवाळीनंतर नवीन काही सुधारायला जाऊ नकोस. फराळाला जो येईल त्याच्यासमोर पूर्ण पीस वाजव, चुकलं तरी न थांबता. काकू मध्येच चकली हवी का विचारतील, तरी न थांबता. वेळही तेव्हाच मोज. सात मिनिटांच्या पुढे जात असशील तर मॅडमशी बोल, कारण घाबरल्यावर काही मुली धावतात आणि काही फार रेंगाळतात.

बाबांना फँटसी-इम्प्रॉम्प्टू इतकं आवडतं तर त्यांच्या वाढदिवसाला शिकून वाजव, मधल्या भागासकट.

स्पर्धेच्या दिवशी स्टूलची उंची स्वतः लावून घे. आधीचा मुलगा सहा फुटी असेल, त्याच्या उंचीवर बसून सुरू करू नकोस, अर्धा मिनिट गेला तरी कुणी काही म्हणत नाही. बसल्यावर एकदा उजवं पेडल आवाज न करता दाबून बघ, किती खोल जातं ते कळेल. आणि नखं त्याच सकाळी काढू नकोस, बोटांची टोकं हुळहुळी होतात आणि करंगळीला तर तेवढंच कारण पुरतं. दोन दिवस आधी काढ.

— ताई